समासाबाहेरची ओळ

एकदा एक उच्चशिक्षित स्त्री सातवी शिकलेल्या एका वृद्धाकडे काम शिकायला आली आणि पहिल्याच दिवशी तिला त्याची चूक सापडली.

वृद्धाचे काम असे होते. काही हौशी मंडळींनी संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी मराठीत एक एडिटर तयार केला होता. त्याला आज्ञाही मराठीतच द्यायच्या. आज्ञा टंकायची, एंटर दाबायचा, की एडिटर ती पाळत असे. शाळामास्तर, वकिलांचे कारकून, गावोगावचे लिहिणारे लोक तो वापरत. आज्ञा कशा द्याव्यात आणि आज्ञांना आज्ञा जोडून छोटे प्रोग्रॅम कसे रचावेत, हे सांगणारे एक जाडजूड संदर्भपुस्तक होते. त्यातला मजकूर जाणकार लिहीत आणि मांडणी वृद्ध करी. जसाच्या तसा टंकायचा शब्द जाड ठशात, वाचकाने आपला घालायचा शब्द तिरप्या ठशात, उदाहरण चार अक्षरे आत, इशारा चौकटीत, अशी त्याची शिस्त होती. तिचे एकोणीस नियम त्याने स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर चिकटवले होते.

तो मूळचा छापखान्यातला. चाळीस वर्षे त्याने अक्षरांचे खिळे जुळवले आणि शेवटी शेवटी फोरमन झाला. छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले, पण फोरमन हे नाव त्याला चिकटून राहिले. संगणक तो साठाव्या वर्षी शिकला, तोही कोणाच्या उपकाराशिवाय, असे तो सांगत असे.

आता त्याला दिसेनासे होऊ लागले होते. पुस्तकाची नवी आवृत्ती तीस दिवसांनी छापायला जायची होती. वीस वर्षांत अनेक हात लागून पुस्तकाची शिस्त विस्कटली होती. कुठे जाड ठसा राहिला होता, कुठे तिरपा नको तिथे आला होता, कुठे चौकट उघडी पडली होती. ते सारे दुरुस्त करायला ती स्त्री आली होती.

वृद्धाने तिला बसायलाही सांगितले नाही. म्हणाला, "ही माझी शेवटची आवृत्ती. पुढचं पुस्तक तुझ्या हाती द्यायचं की बंद करायचं, ते या तीस दिवसांत ठरेल. तुझ्याआधी दोघे येऊन गेले. एकाने आठ दिवस काम केलं, दुसऱ्याने चहा प्यायला."

ती हसली. तो हसला नाही.

ती तंत्रनिकेतनात शिकवत होती आणि सुट्टी काढून आली होती. पगार नव्हता, नावलौकिकही नव्हता. पण तिचे वडील, एसटी डेपोतले एक कारकून, निवृत्त झाल्यावर हेच पुस्तक उशाशी ठेवून संगणक शिकले होते. पुस्तकाच्या कडांवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. ते पुस्तक बंद पडणार हे कळले तेव्हा वडिलांनी आपली प्रत पुन्हा पुठ्ठ्यात बांधून घेतली होती. तेव्हाच तिने ठरवले होते, की हे काम आपण घ्यायचे आणि तडीस न्यायचे.

पहिल्या दिवशी तिने पुस्तक चाळले आणि चारशे बाराव्या पानावर ती थांबली. उजव्या बाजूला सगळ्या ओळी रांगेत होत्या. एकच ओळ रांग सोडून समासात घुसली होती आणि जवळजवळ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. भिंतीवरचा सातवा नियम सांगत होता : ओळ समासाबाहेर जाणार नाही.

"काका, ही एक ओळ बाहेर गेलीय."

"माहीत आहे."

"घेऊ आत?"

"असू दे."

तिला वाटले, म्हाताऱ्याची नजर गेलेली आहे आणि ते कबूल करण्याची त्याची तयारी नाही. ती पुढच्या पानावर गेली.

काम सुरू झाले. शिष्या हुशार होती. एकेक शब्द शोधत बसण्याऐवजी तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि दोन हजारांवर दुरुस्त्या दोन दिवसांत उरकल्या. मोठ्या दिमाखात तिने छापील पाने वृद्धापुढे ठेवली. वृद्धाने पान उचलले, डोळ्यांजवळ नेले, मग अंगठ्याचे नख उजव्या कडेवरून वरून खाली फिरवले. जुळाऱ्याची ती जुनी सवय होती. ओळ बाहेर आली असेल तर डोळ्यांच्या आधी बोटाला समजते, असे तो मानी.

"हे काय?" त्याने एका जागी बोट ठेवले.

"फाइलचं नाव. जाड ठशात घेतलंय."

"हे फाइलचं नाव नाही. इथे वाचकाने आपल्या फाइलचं नाव घालायचं आहे. जाड केलंस तर तो 'तुमचीफाइल' असंच टंकेल आणि संगणकाशी भांडत बसेल. तुझ्या प्रोग्रॅमला हे कळलं नाही?"

"नाही कळलं."

"मग तो माझ्यापेक्षा कमी शिकलेला दिसतो."

त्या दिवशी तिने दोन हजार दुरुस्त्या मागे घेतल्या आणि पहिल्या पानापासून हाताने सुरुवात केली. तिने एका शब्दानेही तक्रार केली नाही. वृद्धाने ते पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवू लागला.

एकवीस दिवस गेले. आठशे पानांपैकी साडेसातशे पाने सरळ झाली. शिष्येचे बोट दुखू लागले, तरी ती थांबली नाही. पुढची सगळी प्रकरणे संपत आली, तेव्हा एका शुक्रवारी दुपारी छापखान्याच्या मालकाचा फोन आला. या छापखान्यात पुस्तक गेली बारा वर्षे छापले जात होते. वृद्धाला ऐकू यावे म्हणून शिष्येने फोनचा आवाज मोठा केला.

"काय फोरमन, यंदा तरी जीभ आत घेणार का?"

"कसली जीभ?"

"अहो, चारशे बारावरची ओळ! आमची पोरं तिला फोरमनची जीभ म्हणतात. गेल्या खेपेला नवीन कटरवाल्याने कागद अर्धा सूत जास्त कापला, तर शेवटचं अक्षरच गेलं. सगळ्या पुस्तकाला शिस्त लावता आणि स्वतःच जीभ काढून दाखवता?"

"तुम्ही कागद नीट कापा," वृद्ध म्हणाला आणि शिष्येला फोन बंद करायची खूण केली. मग तो कंदील गल्लीतल्या दुकानात तपकीर आणायला गेला.

शिष्येला त्या हसण्याचा राग आला. ज्या माणसाने तिला दोन हजार दुरुस्त्या मागे घ्यायला लावल्या, त्याला एका ओळीपायी लोकांनी हसावे, हे तिला पटेना. तिने पान उघडले. उदाहरण कामापुरत्या ठेवलेल्या फाइली साफ करण्याचे होते. ओळ अशी होती :

*पुसून टाक या फोल्डरमधील सर्व फाइली ज्यांच्या नावाच्या शेवटी 'तात्पुरती' हा शब्द आहे*

तोडायची तर ती हवी तिथे तोडून चालणार नव्हते. अर्थ पुरा होईल तिथेच ओळ तोडावी, हा आठवा नियम होता. तिने तो पाळला. 'सर्व फाइली' या शब्दांपाशी पहिली ओळ संपवली, उरलेली खाली घेतली. दोन्ही ओळी समासाच्या आत सुबक बसल्या. पान छापून तिने टेबलावर ठेवले आणि बाहेर टपरीवर चहाला गेली.

परत आली तेव्हा वृद्ध ते पान हातात घेऊन उभा होता. नख कडेवरून खाली आले होते आणि कुठेही अडले नव्हते.

"तू केलंस?"

"हो. आठव्या नियमाप्रमाणेच तोडलीय."

वृद्धाने खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाला, "संगणकासमोर बैस."

ती बसली.

"तुझं काम कुठल्या फोल्डरमध्ये आहे?"

"'दुरुस्त्या' नावाच्या."

"उघड."

तिने उघडला. एकवीस दिवसांत सरळ केलेली सगळी प्रकरणे ओळीने दिसू लागली. वृद्धाने चारशे बारावे पान तिच्यापुढे ठेवले.

"हे उदाहरण टंक. आज पहिल्यांदा हे पुस्तक हातात घेतलेल्या माणसासारखं. स्वतःची अक्कल घालायची नाही. पानावर आहे तसं."

शिष्येला ही परीक्षा विचित्र वाटली. पण वाद घालण्याची तिची इच्छा नव्हती. एकवीस दिवसांत ती पानावर आहे तसेच टंकायला शिकली होती. शब्दांकडे आता ती आकार म्हणूनच पाहत होती. तिने पहिली ओळ टंकली. ओळ संपली म्हणून बोट आपोआप एंटरवर गेले आणि डोळे दुसऱ्या ओळीसाठी कागदाकडे वळले.

पुन्हा वर पाहिले तेव्हा पडदा रिकामा होता.

प्रकरणे नव्हती, एकही फाइल नव्हती. एडिटरने खाली एवढेच लिहिले होते : आज्ञा पाळली.

"काका..."

"दुसरी प्रत?"

"दर शनिवारी करते..." तिने रिकाम्या पडद्याकडे बोट दाखवले. "याच फोल्डरमध्ये ठेवते."



तिने दोन-तीन कळा दाबून पाहिल्या. काही परत आले नाही. नऊ दिवस उरले होते. कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, "माझंच चुकलं. मी एंटर मध्येच दाबला. बघायला हवं होतं. माझीच चूक."

"काय म्हणालीस?"

"माझीच चूक."

वृद्धाने कपाटाचे कुलूप काढले. आतून त्याने दोन वस्तू आणल्या. एक पेनड्राइव्ह होता. तो त्याने टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तू चहाला गेलीस तेव्हा संगणकातलं सगळंच यात उतरवून घेतलं. घे, श्वास घे." दुसरे एक पत्र होते, घड्यांवर फाटत आलेले.

"वाच. मोठ्याने वाच. मला आता दिसत नाही, पण पाठ आहे. चुकलीस तर सांगेन."

शिष्येने वाचायला सुरुवात केली. खाली सही होती पुंडलिक तांडेल यांची. खाडीकाठच्या एका गावातले हे गृहस्थ खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या होडीवर तिकिटे फाडण्याचे काम करून निवृत्त झाले होते. होड्या, वल्ही, जाळी, वारे, भरती यांचे जुने शब्द म्हाताऱ्या नावाड्यांकडून विचारून ते सहा वर्षे एडिटरमध्ये साठवत होते. सहा हजार दोनशे शब्द झाले होते. फोल्डर साफ करावा म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. पत्राचा शेवट असा होता :

*मी पुस्तकात दिल्याप्रमाणेच केले. तरी माझ्याकडूनच काही चूक झाली असणार, कारण पुस्तक चुकणार नाही. शब्द गेले ते गेले. पुन्हा अशी चूक माझ्या हातून होऊ नये म्हणून योग्य पद्धत कृपया कळवावी.*

शिष्येने पत्र टेबलावर ठेवले. तिला पुठ्ठ्यात बांधलेली ती प्रत आठवली, पेन्सिलीच्या खुणा आठवल्या. तिच्या वडिलांनीही असेच पत्र लिहिले असते. याच शब्दांत लिहिले असते.

वृद्ध बोलू लागला. नेहमीपेक्षा तो थोडे अधिक बोलला. "अकरा वर्षांपूर्वी लेखकाने मला ती ओळ अखंड दिली होती. मी ती तोडली. जिथे तू तोडलीस तिथेच. अर्थ पुरा होईल तिथे. चाळीस वर्षं माझी एक ओळ समासाबाहेर गेली नव्हती, त्याचा मला फार ताठा होता. पण अर्थ पुरा झाला म्हणजे आज्ञाही पुरी झाली, हे खिळे जुळवणाऱ्याला कुठे ठाऊक? अर्धवट आज्ञा दिली की एडिटर समजलं नाही म्हणतो आणि गप्प राहतो. पुरी दिली की पाळतो. आपण पान सुबक केलं. त्या माणसाने आपल्या सुबकपणावर विश्वास ठेवला. बरं, शिव्या द्याव्यात, तर त्याने चूक स्वतःकडे घेतली. आत्ता तूही घेतलीस. वाचक चूक स्वतःकडे घेतो, पोरी. म्हणून आपली चूक आपल्या दारात कधी येत नाही. ती शोधायला आपल्याला उठून जावं लागतं."

"तुम्ही गेलात?"

"गेलो. पाय धरायला गेलो होतो. त्याने मला चहा पाजला आणि वर माझीच समजूत काढली. एकाहत्तर वर्षांचा होता. पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली होती त्याने. दोन हजारांपर्यंत पोचला. मग वारला."

शिष्येने पत्राची घडी घालून ते त्याच्याकडे परत दिले.

"परत आलो आणि ओळ अखंड केली. हसू देत लोकांना. माझं नख तिथे अडलं पाहिजे, दर आवृत्तीला अडलं पाहिजे."

शिष्येने पेनड्राइव्ह उचलला, काम परत जागेवर आणले, आणि पहिली गोष्ट म्हणजे ती तोडलेली ओळ पुन्हा अखंड केली. ओळ पूर्वीसारखी समासात घुसली. वृद्धाने मान डोलावली. गोष्ट इथे संपली असती तरी शिष्येला धडा मिळालाच होता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती हातात फोन धरूनच. तिने चपला काढल्या आणि सरळ टेबलाशी गेली.

"काका, एक दाखवायचंय. रागवा हवं तर."

"दाखव."

"हे आपलंच पुस्तक आहे. आता लोक ते फोनवर वाचतात. हे चारशे बारावं पान."

वृद्धाने फोन डोळ्यांजवळ नेला. त्याला नीट दिसेना. मग त्याने काचेच्या उजव्या कडेवरून नख वरून खाली फिरवले. नख कुठेही अडले नाही.

"ओळ कुठे गेली?"

"फोनने मोडली. पडदा अरुंद आहे ना, मावत नाही ती ओळ तो स्वतःच खाली घेतो. माझ्या फोनवर 'सर्व फाइली'पाशीच मोडलीय. वडिलांच्या फोनवर एक शब्द आधी. प्रत्येकाकडे वेगळ्या जागी."

"किती लोक असं वाचतात?"

"दहातले सात."

वृद्ध खाली बसला. हातातली तपकिरीची डबी त्याने उघडली आणि चिमूट न घेताच मिटली. "म्हणजे मी ओळ सांभाळत बसलो," तो म्हणाला, "आणि वाचक तसाच उघड्यावर."

हे ऐकून शिष्येला वाईट वाटले. पण कीव करण्याइतका वेळ नव्हता, आणि या माणसाला कीव चालणारही नव्हती. "मी काल घरी मोजलं," ती म्हणाली. "फोनवर मोडतील अशी उदाहरणं दोनशे सोळा आहेत. त्यातली किती धोक्याची, ते प्रोग्रॅम सांगू शकत नाही. एकेक टंकून, जिथे मोडेल तिथे थांबून बघावं लागेल."

"दिवस किती?"

"आठ."

"बाकीची दुरुस्ती?"

"पन्नास पानं राहिलीत. ती मी सकाळी लवकर येऊन करीन."

"टंकून बघणारा कोण? तू नको. तुला आता कळलंय कुठे काय होतं ते. तुझं बोट आपोआप थांबेल."

"मग कोणाला बोलवू?"

वृद्ध उठला, तिची खुर्ची ओढून स्वतःकडे घेतली आणि संगणकासमोर बसला. "मी सातवी. प्रोग्रॅमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. पुस्तकात लिहिलंय तसंच मुकाट्याने करणारा माणूस तुला याहून चांगला कुठे मिळणार आहे?"

त्या दिवसापासून काम उलटे सुरू झाले. शिष्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये खोट्या फाइली मांडून ठेवी, उदाहरण फोनवर जिथे मोडेल तिथेच मोडून मोठ्या अक्षरांत छापून देई. वृद्ध दोन बोटांनी टंके. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबे आणि हात वर करून विचारी, "काय झालं?"

"काही नाही. समजलं नाही म्हणतोय."

"पुढचं."

"काय झालं?"

"काही नाही."

"पुढचं."

तेराव्या उदाहरणाला त्याने एंटर दाबला आणि शिष्या एकदम ओरडली, "गेलं! सगळं प्रकरण उलटं झालं!" वृद्धाने पानावर लाल फुली मारली. लहान मुलाच्या पाटीवर मारावी तशी ठसठशीत मारली.

पाच दिवसांत दोनशे सोळा उदाहरणे झाली. एकतीस पानांवर लाल फुल्या पडल्या. एके ठिकाणी तर आज्ञेचा पहिला तुकडा मूळ लेखावरच नवा मजकूर चढवून मोकळा होत होता, आणि ते उदाहरण पुस्तकात पहिल्या आवृत्तीपासून होते. ते पाहून वृद्ध म्हणाला, "या उदाहरणाने किती जणांनी स्वतःला दोष दिला असेल, देव जाणे. आपल्याला पत्र एकच आलं."

आता शिष्येची विद्या कामाला आली. ओळ कुठे तोडावी, हा प्रश्नच तिने बाजूला ठेवला. एका मोठ्या आज्ञेच्या जागी ती दोन लहान आज्ञा देऊ लागली. पहिलीने काय बदलायचे ते फक्त निवडायचे. निवडलेली नावे पडद्यावर पिवळी होऊन दिसत. दुसरीने निवडलेल्यावर काम करायचे. निवडण्याची ही आज्ञा एडिटरमध्ये चार वर्षांपूर्वीच आली होती, पण जुन्या उदाहरणांना हात लावायचे कोणाच्या मनात आले नव्हते. वृद्ध मजकुराला हात लावत नसे, कारण मजकूर लेखकाचा. लेखक मांडणीला हात लावत नसत, कारण मांडणी फोरमनची. शिष्येने प्रत्येक लेखकाला फोन करून परवानगी घेतली. एक लेखक म्हणाला, "फोरमन चालवून घेतील का?" ती म्हणाली, "तेच समोर बसून टंकतायत." त्याने लगेच होकार दिला.

तीस उदाहरणे सुधारून झाली. उरले चारशे बारावे पान. ते वृद्धाने मुद्दाम शेवटी ठेवले होते. शेवटच्या दिवशी, छापखान्याचा माणूस यायला दोन तास असताना, शिष्येने नवे पान त्याच्यापुढे ठेवले.

*निवड 'तात्पुरती' शब्दाने संपणाऱ्या फाइली*

*पुसून टाक निवडलेल्या फाइली*

वृद्धाने पहिली ओळ टंकली. एंटर दाबला. शिष्येने सांगितले, "तीन नावं पिवळी झाली. बाकी आहे तसं आहे."

वृद्धाने हात वर घेतले आणि तो उठला. शिष्येला वाटले, याच्याने पुढे होत नाही. तो टपरीवर गेला. पाव तासाने चहा पिऊन परत आला आणि उभ्यानेच विचारले, "अजून आहेत फाइली?"

"सगळ्या आहेत."

"मधेच कोणी हाक मारली म्हणून उठून गेलो, तरी आहेत?"

"आहेत. आणि पहिली ओळ न टंकता कोणी नुसती दुसरी टंकली, तर काहीच निवडलेलं नसतं, म्हणून काहीच पुसलं जात नाही."

"ते मला सांगू नकोस. करून बघतो."

निवड रद्द करून त्याने तेही करून पाहिले. फोल्डर शाबूत राहिला. मग दोन्ही ओळी क्रमाने टंकल्या. तीन फाइली गेल्या, जायच्या तेवढ्याच गेल्या.

वृद्धाने भिंतीवरचा कागद काढला. सातव्या आणि आठव्या नियमाच्या मधल्या जागेत त्याने वाकड्या अक्षरांत लिहिले : ओळ कुठेही तुटली तरी वाचकाचे नुकसान होता कामा नये. लिहून झाल्यावर त्याने पेन शिष्येकडे दिले.

"पुढचा नियम तू लिही."

"काय लिहू?"

"मला काय विचारतेस? पुस्तक तुझं आहे आता."

शिष्येने पेन घेतले, पण लगेच काही लिहिले नाही. ती जागा तिने मोकळी ठेवली. म्हणाली, "चूक सापडली की लिहीन."

वृद्धाला ते आवडले असावे, कारण त्याने डबी उघडली आणि या वेळी चिमूट घेतली.

तेवढ्यात छापखान्याच्या मालकाचा फोन आला. "फोरमन, माणूस निघालाय. जीभ आहे तिथेच ना? कागद बेतून घ्यायला विचारतो."

"आत गेली."

"काय सांगता! मग आम्ही यंदा हसायचं कशाला?"

"तुमच्या शाईला हसा. गेल्या खेपेला हाताला लागत होती."

फोन ठेवून त्याने चारशे बाराव्या पानाची शेवटची छापील प्रत मागितली. पान टेबलावर सपाट ठेवले, डोळे मिटले, आणि अंगठ्याचे नख उजव्या कडेवरून वरून खाली नेले. नख कुठेही अडले नाही. तरी जिथे ते इतकी वर्षे अडत होते, तिथे वृद्धाने आपणहून ते थांबवले, क्षणभर टेकवून ठेवले, आणि मग खाली नेले.

शिष्येने पाहिले आणि ती जागा लक्षात ठेवली. पुढे ती स्वतः पाने तपासू लागली, तेव्हा त्या पानावर तिचेही नख त्याच जागी थांबत असे.

आपले काम सुबक झाले असे वाटेल, तेव्हा ते एकदा अशा माणसाच्या हाती द्यावे, जो बिघडले तर आपल्याला नव्हे, स्वतःलाच दोष देईल.